परसातील कौटुंबिक मधमाशीपालन

परसातील कौटुंबिक मधमाशीपालन म्हणजे घराच्या परसात, बागेत किंवा शेतघराजवळ एक-दोन मधपेट्या ठेवून कुटुंबातील व्यक्तींनी केलेला मधमाश्यांचा सांभाळ. व्यावसायिक मधमाशीपालनाप्रमाणे मधाचे उत्पादन हा यात मुख्य हेतू नसतो. परागीभवन, निसर्गनिरीक्षण आणि घरापुरता मध हे त्याचे अपेक्षित लाभ होत. घरात लहान मुले असल्यास हा छंद शिक्षणाचे उत्तम साधन ठरतो; मात्र दंशाचा धोका लक्षात घेऊन तो पूर्वतयारीनेच आरंभावा लागतो.

पाळण्यायोग्य जाती

महाराष्ट्रात आढळणाऱ्या मधमाश्यांपैकी आग्या मधमाशी उंच कड्यांवर व झाडांवर उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते. ती आक्रमक असून पेटीत पाळता येत नाही. फुलोरी ही लहान माशी झुडपात एकच पोळे करते; तीही पेटीत राहत नाही. सातेरी मधमाशी मात्र झाडाच्या ढोलीत, वारुळात किंवा भिंतीच्या पोकळीत अनेक समांतर पोळी बांधते. अंधाऱ्या पोकळीत राहण्याच्या या सवयीमुळेच ती पेटीत पाळता येते. मूळची परदेशी असलेली युरोपीय मधमाशी अधिक मध देते. परंतु तिला मोठ्या प्रमाणावर व दीर्घकाळ फुलोरा लागतो. परसासाठी सातेरी सोयीची मानली जाते. नांगी नसलेल्या लहान मधमाश्याही पाळता येतात. त्यांचा मध अत्यल्प असतो, पण मुलांच्या दृष्टीने त्या सर्वांत निर्धोक होत.

मधपेटीची रचना

आधुनिक मधपेटीचा पाया अमेरिकेतील लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ यांनी घातला. दोन पोळ्यांमध्ये ठराविक अंतर राखल्यास मधमाश्या ती जागा मेणाने बुजवत नाहीत आणि ये-जा करण्यासाठी मोकळी ठेवतात, या तत्त्वाचा उपयोग करून त्यांनी 1852 मध्ये सुट्या चौकटींच्या पेटीचे एकस्व घेतले. पेटीत खाली अंडी व पिलावा यांची कोठी आणि वर मधकोठी असते. त्यामुळे पोळे न पिळता, पिल्लांना इजा न करता केवळ मध काढता येतो. मोहोळ जाळून किंवा पिळून मध काढण्याच्या जुन्या पद्धतीत पिलाव्यासह संपूर्ण वसाहत नष्ट होण्याचा संभव असे.

आरंभापूर्वीची तयारी

पेटी आणण्यापूर्वी प्रशिक्षण घेणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात महाबळेश्वर येथील मध संचालनालय आणि पुणे येथील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था या क्षेत्रात कार्यरत आहेत. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव 2022 पासून ‘मधाचे गाव’ म्हणून ओळखले जाते.

कुटुंबातील कोणालाही पूर्वी दंशामुळे सर्वांगावर पित्त उठणे, श्वास लागणे अथवा चक्कर येणे असा त्रास झाला असल्यास डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय पेटी आणू नये. शेजाऱ्यांची संमती घेणेही तितकेच महत्त्वाचे आहे. त्यांच्याकडे दंशाची तीव्र बाधा होणारी व्यक्ती असल्यास अन्य जागा शोधावी.

पेटीला सकाळचे ऊन व दुपारची सावली मिळावी. प्रवेशद्वार अंगण, पायवाट किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागेकडे नसावे. द्वारासमोर काही अंतरावर उंच कुंपण किंवा झुडपांची रांग असल्यास माश्या वर उडून जातात व माणसांच्या वाटेत येत नाहीत. मुंग्यांपासून संरक्षणासाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात. जवळच उथळ भांड्यात खडे टाकून पाणी ठेवावे. खड्यांवर बसून माश्यांना न बुडता पाणी पिता येते.

ऋतुमान आणि देखभाल

पावसाळा संपल्यानंतर फुलोरा वाढू लागतो. नवशिक्यांनी त्या सुमारास वसाहत आणावी. शेवगा, लिंबू, नारळ, तुळस, जांभूळ व सूर्यफूल यांपासून माश्यांना मकरंद किंवा पराग मिळतो. पावसाळ्यात अन्नटंचाई असते. त्या काळी साखरेचा पाक द्यावा लागतो, अन्यथा सातेरी माश्या पेटी सोडून निघून जातात. मेणकिडा हाही वसाहत सोडून जाण्याचे एक कारण असल्याने पेटीचा तळ स्वच्छ ठेवावा. फुलोऱ्याच्या दिवसांत साधारण आठ-दहा दिवसांनी, शांत व उबदार हवेत थोडक्यात तपासणी करावी. कीटकनाशकांच्या फवारणीबाबत आसपासच्या शेतकऱ्यांशी आधीच बोलून ठेवावे.

पहिल्या वर्षी मधाची अपेक्षा ठेवू नये. मधकोठीतील बहुतांश घरे मेणाच्या टोपणाने बंद झाल्यावरच मध काढावा. कच्च्या मधात पाण्याचे प्रमाण अधिक असल्याने तो आंबतो. वसाहतीसाठी पुरेसा मध मागे ठेवणे हा पालकाचा धर्म होय.

मुलांचा सहभाग

सहभाग वयापेक्षा सूचना पाळण्याच्या क्षमतेवर ठरवावा. अगदी लहान मुलांनी दुरूनच माश्यांच्या पायांवरील परागाचे रंग पाहावेत व नोंदवावेत. मोठ्या मुलांना बुरखा, पूर्ण बाह्यांचे फिके कपडे व बंद बूट घालून, प्रौढांच्या सोबतीने चौकट पाहता येते. पेटी उघडताना धावणे, हात झटकणे किंवा पेटीला धक्का देणे टाळावे. चौकटीवरील नृत्य हा मुलांसाठी विशेष कुतूहलाचा विषय असतो. अन्नाची दिशा व अंतर सांगणाऱ्या या नृत्याचा उलगडा कार्ल फॉन फ्रिश यांनी केला. 1973 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात सहभाग मिळाला.

एक वर्षाखालील बालकास मध मुळीच देऊ नये, चाटवूही नये. मधात कधीकधी असणाऱ्या जीवाणूंच्या बीजाणूंमुळे अर्भकांना बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. नवजात बालकास मध चाटवण्याची रूढीही याच कारणाने टाळावी.

दंशावरील उपाय

कामकरी माशीची नांगी काटेरी असल्याने ती त्वचेत अडकते आणि तिला जोडलेल्या पिशवीतून विष आत जात राहते. म्हणून ती कोणत्याही रीतीने, पण तत्काळ काढावी. दंशासोबत सुटणाऱ्या गंधामुळे इतर माश्याही चवताळतात; त्यामुळे प्रथम पेटीपासून दूर जावे. नंतर जागा धुऊन बर्फ लावावा. चेहरा किंवा घसा सुजणे, श्वास लागणे, सर्वांगावर पित्त उठणे, चक्कर येणे यांपैकी काही आढळल्यास अथवा तोंडात दंश झाल्यास वेळ न दवडता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा रुग्णालय गाठावे.

मर्यादा

जेथे परिसरात फुले अल्प आहेत, फवारणी अधिक आहे किंवा देखभालीस नियमित वेळ देणे शक्य नाही, तेथे पेटी ठेवणे माश्यांच्याही हिताचे नसते. अशा कुटुंबांनी मकरंद देणारी झाडे लावणे, पाण्याचे भांडे ठेवणे आणि झाडावरील मोहोळ न जाळणे हेही मधमाश्यांच्या संवर्धनास साहाय्यकारक ठरते.