‘सगळं करा’ म्हणजे नेमकं काय?

लेखांक सातवा

गेल्या आठवड्यात व्हेंटिलेटरबद्दल लिहिलं होतं. आज त्यापुढचा प्रश्न. तो बहुतेकदा आयसीयूच्या दारात, घाईघाईत विचारला जातो: ‘हृदय बंद पडलं तर सीपीआर द्यायचा ना?’ घाबरलेले नातेवाईक हात जोडून म्हणतात, ‘डॉक्टर, सगळं करा.’

त्या ‘सगळ्या’त काय येतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. पाठीखाली कडक फळी सरकवतात. कुणीतरी स्टुलावर चढून छातीच्या मधल्या हाडावर दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देतं. थकलेल्या म्हाताऱ्या शरीरात बरगड्या मोडतात आणि ते दाबणाऱ्याच्या तळहाताला कळतं. दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा लागतो, इतकं हे अंगमेहनतीचं काम आहे.

१९६०मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या कौवेनहोवेन, जूड आणि निकरबॉकर यांनी सीपीआरची ही पद्धत जगापुढे मांडली. भूल देताना, शॉक लागून किंवा हार्ट अटॅकने हृदय अचानक थांबलं, तर ती खरोखर माणूस परत आणते. प्रत्येकाने ती शिकावी असं माझं कळकळीचं सांगणं आहे. पण अंगभर पसरलेल्या कर्करोगात एकेक अवयव साथ सोडत जातो आणि सगळ्यात शेवटी हृदय थांबतं. तिथे छाती दाबून आजार मागे हटत नाही.

अशा वेळेसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२०मध्ये ‘डीएनएआर’ची मार्गदर्शक तत्त्वं दिली. अर्थ असा की, पुनरुज्जीवनाचा प्रयत्न करू नये. त्यातला ‘प्रयत्न’ हा शब्द फार मोलाचा आहे. यश हातात असताना आपण ते नाकारतोय, असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय हा निर्णय फक्त सीपीआरपुरता असतो. ऑक्सिजन, औषधं, वेदनाशमन, अंग पुसणं, कूस बदलणं यांतलं काहीही त्यामुळे बंद होत नाही. ‘फॉर्म भरला की सिस्टर फिरकणार नाहीत’ ही भीती मी नेहमी ऐकतो, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

शेवटी कोणते उपचार नकोत, हे आपणच आधी लिहून ठेवायचं, अशा आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये मान्यता दिली आणि २०२३मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. तरी आपल्या घरांत मृत्युपत्र निघतं, पण हा विषय निघत नाही.

मग भार मुलांवर येतो. एका मुलाने मला विचारलं होतं, ‘मी नको म्हटलं, तर आईला मीच मारलं असं नाही का होणार?’ हे ओझं त्याच्या डोक्यावर आम्ही डॉक्टरांनी टाकलेलं असतं. सीपीआरचा उपयोग होणार नाही, हे आम्हीच स्पष्ट सांगायला हवं. मी ते सांगितलं आणि विचारलं, ‘आई याबद्दल कधी काही बोलल्या होत्या?’ तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘बाबांच्या वेळी म्हणाली होती, माझ्या तोंडात नळ्या घालू नका रे.’

त्या रात्री सिस्टरनी एका वेळी एकच नातेवाईक हा नियम बाजूला ठेवला. पहाटे श्वास लांबत गेले. तोंड मोकळं होतं, त्यामुळे लेकीला तुळशीच्या पानाने ओठांवर पाणी सोडता आलं.