नियमाने चालवली तर कोण अडवतं?

अमेरिकेत ट्रॅफिक स्टॉपमध्ये पोलिसांच्या हातून कुणी कृष्णवर्णीय माणूस मेल्याची बातमी आली, की तिच्यामागोमाग एक वाक्य ठरलेलं असतं. ते न्यू जर्सीतल्या मराठी घरांत ऐकू येतं, तिथून फोनवरून पुण्या-नाशिकला पोचतं आणि मग सिद्धांतासारखं फिरत राहतं : ‘नियमाने गाडी चालवली तर पोलीस कशाला थांबवतील? त्याने काहीतरी केलंच असणार.’ सांगणारा खोटं बोलत नसतो. तो वर्षानुवर्षं न्यू जर्सीच्या टर्नपाइक महामार्गावरून कामाला जातो, त्याला कधी कुणी थांबवलेलं नसतं, आणि त्याचं श्रेय तो स्वतःच्या शिस्तीला देतो.

या वाक्यात खरं तर दोन दावे आहेत. एक, ज्याला थांबवलं त्याने नियम मोडलेला असतो. दोन, ज्याला थांबवलं नाही त्याने तो पाळलेला असतो. पहिला दावा बहुतेक वेळा खरा असतो. दुसरा साफ खोटा आहे, आणि सगळी गोम त्या दुसऱ्यातच आहे.

गैरसमज : नियम पाळणाऱ्याला कुणी थांबवत नाही

वस्तुस्थिती : आधी पद्धत समजून घेऊ. आपल्याकडे नाकाबंदीत हवालदार रस्त्यावर उभा राहून हात करतो. तिकडे बहुतेक वेळा पोलिसांची गाडी मागून येते, लाल-निळे दिवे लागतात आणि पुढच्याने कडेला थांबायचं असतं. केवळ लायसन्स बघायचं म्हणून मनात येईल त्या गाडीला थांबवता येत नाही. काहीतरी संशयास्पद दिसायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली ‘डेलावेअर विरुद्ध प्राउझ’ खटल्यात सांगितलं. ऐकायला छान वाटतं. पण वाहतुकीचे नियम इतके आहेत की कारण मिळायला फार वाट बघावी लागत नाही. वेग चार-पाच मैलांनी जास्त, लेन बदलताना सिग्नल द्यायला उशीर, नंबर प्लेटवरचा दिवा गेलेला. काही राज्यांत आरशाला लटकवलेला सुगंधी पुठ्ठासुद्धा पुरतो.

आता त्याच टर्नपाइकवर या. १९९६ साली न्यू जर्सीच्या न्यायालयात ‘राज्य विरुद्ध सोटो’ हा खटला गाजला. बचाव पक्षाच्या वतीने टेंपल विद्यापीठाचे जॉन लॅम्बर्थ यांनी टर्नपाइकच्या दक्षिण टोकाला गाड्यांची मोजणी करवून घेतली. वेगमर्यादा ताशी ५५ मैल होती. ती ओलांडणाऱ्या गाड्या निघाल्या ९८ टक्क्यांहून जास्त! नियम मोडणाऱ्या या गाड्यांपैकी सुमारे १५ टक्के गाड्यांत कृष्णवर्णीय होते. पोलिसांनी थांबवलेल्यांत मात्र त्यांचं प्रमाण सुमारे ३५ टक्के होतं आणि अटक झालेल्यांत ७३ टक्के. पोलीस व्यवहारात कृष्णवर्णीयांनाच हेरून थांबवतात, असा निष्कर्ष न्यायाधीशांनी काढला आणि असं थांबवून मिळवलेला पुरावा बाद ठरवला.

ते ९८ टक्के पुन्हा वाचा. शंभरातले अठ्ठ्याण्णव नियम मोडत असतील, तर कुणाला थांबवायचं हे नियम ठरवत नाही. ते पोलीस ठरवतात. नियमभंग ही थांबवण्याची सबब असते. निवड तिच्या आधीच झालेली असते. आपला शिस्तप्रिय मराठी गृहस्थही त्या ९८ टक्क्यांतलाच आहे. त्याची निवड झाली नाही, एवढंच.

आणि ही सबब चालते. सोटोचा निकाल मार्चमधला. त्याच वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘व्रेन विरुद्ध अमेरिका’ खटल्यात एकमताने निकाल दिला : नियमभंग खरोखर झालेला असेल, तर पोलिसाचा मनातला हेतू काय होता हे मनमानी झडती-अटकेपासून संरक्षण देणाऱ्या चौथ्या घटनादुरुस्तीखाली तपासायचं कारण नाही. वर्णभेद झाला असं वाटत असेल तर समान संरक्षणाच्या कलमाखाली दाद मागा, असंही न्यायालय म्हणालं. म्हणजे भेदभाव हेतुपुरस्सर होता हे रस्त्याच्या कडेला एकट्याने थांबलेल्या माणसाने सिद्ध करायचं. करा.

‘पण सभ्य माणसाला असं होत नाही हो!’ होतं. टिम स्कॉट हे साउथ कॅरोलायनाचे रिपब्लिकन सिनेटर, म्हणजे पोलिसांच्या बाजूने बोलणाऱ्या पक्षाचे. लोकप्रतिनिधी असताना एकाच वर्षात आपल्याला सात वेळा थांबवलं गेलं, हे त्यांनी जुलै २०१६ मध्ये सिनेटच्या सभागृहात सांगितलं. ते भाषण ज्या घटनांनंतर झालं त्यातली एक फिलँडो कॅस्टिल यांची. मिनेसोटात एका शाळेच्या स्वयंपाकघराचं काम बघणारा हा माणूस पोलिसाच्या गोळीने मेला. त्याआधीच्या तेरा-चौदा वर्षांत त्याला किमान ४६ वेळा थांबवलं होतं. नॅशनल पब्लिक रेडिओने ती सगळी नोंद तपासली, तेव्हा वेगासारखं बाहेरून पोलिसाला दिसू शकेल असं कारण त्यातल्या फक्त सहा वेळांना सापडलं. बाकी चाळीस वेळा काय दिसलं असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

यावर एक आक्षेप मात्र प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. ९८ टक्के लोक मर्यादा ओलांडतात हे मान्य. पण फार जास्त वेगाने जाणारे कोण? २००२ साली टर्नपाइकवर छायाचित्रं काढून केलेला एक अभ्यास बाहेर आला. ६५ मैलांच्या पट्ट्यात मर्यादेपेक्षा १५ मैलांहून अधिक वेगाने जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण जास्त आहे, असं त्यात निघालं. ५५ मैलांच्या पट्ट्यात तसा फरक दिसला नाही. बरीच छायाचित्रं अस्पष्ट असल्याने केंद्रीय न्याय खात्याने या पद्धतीवर आक्षेप घेतला. पण समजा, तो अभ्यास अगदी बिनचूक आहे. त्यातून फार तर थांबवण्याचा आकडा समजेल. थांबवल्यावर डिकी कुणाची उघडायची, याचा वेगाशी संबंध काय?

शिवाय वेगाच्या वादात न पडताही तपासता येतं. त्याची युक्ती फार सुरेख आहे. संध्याकाळी सातला उन्हाळ्यात उजेड असतो, हिवाळ्यात अंधार. घड्याळ तेच, रस्ता तोच, कामावरून परतणारे लोकही साधारण तेच. अंधारात चालकाचा रंग दिसत नाही. तेव्हा उजेडात थांबवलेल्यांत कृष्णवर्णीय जास्त आणि अंधारात कमी निघाले, तर रंग बघूनच थांबवलं जातंय असा अर्थ होतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी देशभरातल्या जवळजवळ १० कोटी स्टॉपच्या नोंदी जमवल्या आणि २०२० साली ‘नेचर ह्युमन बिहेवियर’मध्ये निष्कर्ष छापले : अंधार पडल्यावर कृष्णवर्णीयांचं प्रमाण खाली येतं. हीच पद्धत आधी २००६ मध्ये ऑकलंड शहराला लावली होती, तेव्हा तिथे फारसा भेदभाव आढळला नव्हता, हेही सांगायला हवं. गाव तसा पोलीस. म्हणूनच मोजायचं असतं.

गैरसमज : गुन्हे तेच जास्त करतात, मग झडती त्यांचीच होणार

वस्तुस्थिती : हा पहिल्याचा धाकटा भाऊ. तो स्वतःला वास्तववादी समजतो, म्हणून जास्त चिवट.

मे १९९२. हार्वर्डमध्ये कायदा शिकलेले रॉबर्ट विल्किन्स शिकागोहून आजोबांचे अंत्यविधी आटोपून कुटुंबासह परतत होते. मेरीलँडच्या पोलिसांनी गाडी थांबवली आणि झडतीला संमती मागितली. विल्किन्सनी कायद्यावर बोट ठेवून नकार दिला. तेव्हा कुत्रा मागवला गेला आणि सगळ्यांना भर पावसात रस्त्याच्या कडेला उभं केलं. सापडलं काहीच नाही. विल्किन्सनी दावा लावला, १९९५ साली तडजोड झाली, आणि तिच्यानुसार पोलिसांना आपल्या झडत्यांची नोंद न्यायालयाला द्यावी लागली. (विल्किन्स पुढे केंद्रीय अपील न्यायालयाचे न्यायाधीश झाले.)

त्या नोंदींनी या गैरसमजाचा निकाल लावला. बाल्टिमोरच्या उत्तरेला महामार्ग ९५ वर कृष्णवर्णीय चालक सुमारे १७ टक्के होते. झडती घेतलेल्यांत मात्र ७३ टक्के. बरं, सापडलं किती जणांकडे? झडती घेतलेल्या कृष्णवर्णीयांपैकी २८.४ टक्क्यांकडे आणि गोऱ्यांपैकी २८.८ टक्क्यांकडे. ‘तेच जास्त करतात’ हे खरं असतं, तर पहिला आकडा बराच वर असायला हवा होता. तरीही एकूण अटकेत कृष्णवर्णीयांचाच भरणा होणार, कारण झडतीच त्यांची. एकाच तळ्यात जाळं टाकायचं आणि तालुक्यातले सगळे मासे याच तळ्यात आहेत म्हणायचं, त्यातला हा प्रकार.

कुणाला हा कार्यकर्त्यांचा कांगावा वाटत असेल, तर न्यू जर्सी सरकारचा कबुलीजबाब वाचावा. फेब्रुवारी १९९९ मध्ये राज्य पोलीसप्रमुख कार्ल विल्यम्स यांनी अमली पदार्थांच्या धंद्याचा संबंध उघडपणे अल्पसंख्याकांशी जोडला आणि रिपब्लिकन गव्हर्नर क्रिस्टीन व्हिटमन यांनी त्यांना काढून टाकलं. एप्रिलमध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या अहवालाने मान्य केलं की भेदभाव खरा आहे. तपासलेल्या झडत्यांपैकी ७७ टक्के कृष्णवर्णीय किंवा लॅटिनोंच्या होत्या. त्यानंतर न्यू जर्सीचे राज्य पोलीस दहा वर्षं केंद्राच्या देखरेखीखाली राहिले.

आणखी काही, थोडक्यात

‘थांबवलं तर थांबवलं, दोन मिनिटांचा प्रश्न.’ चालकाला गाडीतून उतरवायला पोलिसाला वेगळं कारण लागत नाही (१९७७) आणि सीटबेल्ट न लावल्याबद्दल हातकड्या घालून नेणंही घटनाबाह्य नाही (२००१), असं सर्वोच्च न्यायालयानेच ठरवलं आहे. २०१५ साली टेक्सासमध्ये सँड्रा ब्लँड यांना लेन बदलताना सिग्नल दिला नाही म्हणून थांबवलं. तीन दिवसांनी त्या कोठडीत मृत सापडल्या.

‘पोलीसच कृष्णवर्णीय असेल तर भेदभाव कसला?’ जानेवारी २०२३ मध्ये मेम्फिसला टायर निकल्स यांना जीवघेणी मारहाण करणारे पाचही पोलीस कृष्णवर्णीय होते. सवय खात्याची असते. अंगावरच्या कातडीने ती बदलत नाही.

‘लोकसंख्येच्या मानाने जास्त थांबवले, म्हणजे सिद्धच झालं.’ ही चूक दुसऱ्या बाजूची. जनगणनेशी तुलना करून काही सिद्ध होत नाही. रस्त्यावर कोण, कधी आणि कसं चालवतंय ते बघावं लागतं. लॅम्बर्थना रस्त्यावर माणसं बसवावी लागली ती त्यासाठीच.

‘तो गोऱ्या-काळ्यांचा प्रश्न, आपला काय संबंध?’ फेब्रुवारी २०१५, अलाबामातलं मॅडिसन. नातवाला सांभाळायला गुजरातहून आलेले ५७ वर्षांचे आजोबा सकाळी मुलाच्या घरासमोर फिरत होते. शेजारच्या कुणी पोलिसांना फोन करून एक सडपातळ काळा माणूस फिरतोय असं कळवलं. इंग्रजी न येणाऱ्या आजोबांना पोलिसाने जमिनीवर असं आपटलं की मणक्याला इजा होऊन त्यांना अंशतः पक्षाघात झाला. पासपोर्ट कोणता, हे विचारायला कुणी थांबलं नाही.

‘थांबवणं कमी केलं तर गुन्हे वाढतील.’ नॅशव्हिल शहरात २०१८ साली हे तपासलं गेलं. स्टॉपच्या संख्येचा गुन्ह्यांवर परिणाम दिसला नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या फेएटव्हिलच्या पोलिसांनी २०१३ पासून गेलेल्या दिव्यांमागे धावणं कमी करून वेगासारख्या खऱ्या धोक्यांवर लक्ष दिलं. अपघाती मृत्यू आणि जखमी कमी झाले, वर्णावरची तफावतही घटली, आणि बाकी गुन्हे काही वाढले नाहीत. फिलाडेल्फियात मार्च २०२२ पासून एक हेडलाइट गेला, बंपरला पोचा आला, आरशाला काही लटकलं, अशा आठ किरकोळ कारणांसाठी गाडी थांबवता येत नाही. दंडाची पावती टपालाने घरी येते. त्यासाठी नवं तंत्रज्ञान लागलं नाही की मोठा निधी. वाहतुकीचे नियम वाहतुकीसाठीच वापरायचे, एवढंच ठरवावं लागलं. आणि खरं तर एवढ्यासाठी आकडेवारीचीही गरज पडायला नको होती.