मुखपरीक्षेचीं नवीं साधनें

रोगाची परीक्षा म्हटली कीं सामान्य मनुष्याच्या डोळ्यांपुढें सुई उभी राहते. परंतु मुखांत अहोरात्र स्रवणारी लाळहि शरीराचें पुष्कळ वर्तमान बाळगून असते. तें हस्तगत कसें करावें, एवढाच प्रश्न.

१९१६ सालीं लॅश्ली या अमेरिकन शास्त्रज्ञानें यासाठीं दोन कप्प्यांची एक चिमुकली वाटी योजिली. बाहेरील कप्प्यांतील हवा ओढून घेतली म्हणजे ती गालाला आंतून चिकटून बसे, आणि वरच्या दाढेसमोर उघडणाऱ्या नलिकेंतील लाळ आंतील कप्प्यांत जमे. हिरडीच्या फटींतील द्रव टिपण्यासाठीं दंतवैद्य कागदाच्या बारीक पट्ट्या वापरतात. संशयास्पद चट्ट्यावरील पेशी घेण्यास लहानसा कुंचला पुरतो.

करोनाच्या सांथींत नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेंतील डॉ. कृष्णा खैरनार व त्यांचे सहकारी यांनीं याहून सोपी वाट काढली. नाकांत काडी घालावयास नको. नळींतील मिठाच्या पाण्यानें पंधरा सेकंद गुळणी करावी व तें त्याच नळींत सोडावें. प्रयोगशाळेंत त्यांत विशिष्ट द्रावण मिसळून तें अर्धा तास ठेवावयाचें व ९८ अंशांवर सहा मिनिटें तापवावयाचें. मग नेहमींची परीक्षा. २०२१ च्या मे महिन्यांत भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें या रीतीस संमति दिली.

आयुर्वेदांत तोंडांत सहज खेळवितां येईल तेवढ्या द्रवास ‘कवल’ व हलवितां येऊं नये इतका तोंडभर धरलेल्यास ‘गंडूष’ म्हणतात. तो उपचार होता; येथें गुळणीच साक्षीदार झाली.

गोंदिया जिल्ह्यांतील आमच्या कोहमाऱ्यासारख्या गांवीं या सोपेपणाचें मोल मोठें आहे. गांव महामार्गावर असलें तरी प्रयोगशाळा दूरच. जो नमुना रोगी स्वतःच देऊं शकतो, त्यासाठीं कुशल हाताची वाट पाहावी लागत नाहीं. अर्थात् तान्ह्या मुलास वा अत्यवस्थ रोग्यास गुळणी साधणार नाहीं.

मात्र साधनांवर भिस्त ठेवून स्वस्थ बसूं नये. विदर्भांत सुपारी, तंबाखू व चुना यांचा खर्रा घरोघर शिरला आहे. त्यानें प्रथम तोंड उघडेनासें होतें; पुढें कर्करोगाचें भय. कुंचल्यानें संशय कळतो, निश्चयासाठीं मांसाचा तुकडाच तपासावा लागतो. म्हणून दोन-तीन आठवडे न भरणारा व्रण घरांतील वडीलधाऱ्यांनीं संकोचानें लपवूं नये, आणि तरुणांनींहि त्यांना वैद्याकडे नेण्यास विलंब लावूं नये. तोंड वेळींच उघडून दाखविणें हेंच यांतील पहिलें साधन होय.