ख्रिस्ती श्रद्धा आणि शासनसंस्था : बार्मेन घोषणापत्राच्या (१९३४) संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
धर्म आणि राज्य यांच्या परस्परसंबंधाचा प्रश्न राज्यशास्त्राइतकाच धर्मशास्त्रालाही महत्त्वाचा आहे. ख्रिस्ती समाज प्रारंभी रोमन साम्राज्यात सत्ताहीन अल्पसंख्य म्हणून जगला, चौथ्या शतकात त्यास राजाश्रय लाभला आणि पुढे युरोपात राज्यसत्ता व चर्च यांचे हितसंबंध एकमेकांत गुंतत गेले. या दीर्घ प्रवासात शासनाची आज्ञा पाळावी याविषयी ख्रिस्ती विचारवंतांत फारसे दुमत नव्हते. ती कोठपर्यंत पाळावी, हा खरा वादाचा विषय होता. विसाव्या शतकात जर्मनीतील प्रॉटेस्टंट चर्चला या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष कसोटीच्या क्षणी द्यावे लागले. प्रस्तुत लेखात त्या उत्तराचे स्वरूप व त्याच्या मर्यादा यांचे विवेचन करण्यात आले आहे.

उद्दिष्टे :
१) शासनसंस्थेविषयीच्या बायबलमधील विचारप्रवाहांचा परिचय करून देणे.
२) मार्टिन ल्यूथर यांच्या ‘दोन राज्ये’ या मांडणीचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) बार्मेन घोषणापत्राच्या पाचव्या कलमाचा अर्थ व त्याच्या मर्यादा तपासणे.

बायबलमधील विचारप्रवाह :
नव्या करारात शासनाविषयी एकच एक भूमिका आढळत नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल शासनाधिकार देवाने नेमलेला असल्याचे सांगतो व कर आणि मान देण्याचा उपदेश करतो. मात्र त्याच ठिकाणी तो अधिकाऱ्यास देवाचा सेवक म्हणतो आणि लोकांचे हित हे त्या सेवेचे प्रयोजन असल्याचे सूचित करतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात उपदेश करण्यास मनाई झाली असता पेत्र व इतर प्रेषित मानवी आज्ञेपेक्षा देवाची आज्ञा श्रेष्ठ मानतात. प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात तर आराधनेची मागणी करणारी सत्ता श्वापदाच्या रूपात चितारलेली आहे. म्हणजेच शासनाची आवश्यकता आणि त्याच्या उन्मत्त होण्याची शक्यता, या दोहोंची जाणीव एकाच ग्रंथात आहे. यांपैकी एकच अध्याय वेगळा काढून त्यावर सिद्धान्त उभारला की असमतोल निर्माण होतो.

ल्यूथर यांची मांडणी आणि तिचा विपर्यास :
सॅक्सनीचा ड्यूक जॉर्ज याने ल्यूथर यांच्या जर्मन नव्या करारावर बंदी घातली होती. या पार्श्वभूमीवर १५२३ मध्ये ल्यूथर यांनी ऐहिक सत्तेविषयी प्रबंध लिहिला. देव दोन प्रकारे राज्य करतो, अशी त्यांची मांडणी होती : शुभवर्तमानाद्वारे अंतःकरणावर आणि कायदा व दंडशक्तीद्वारे बाह्य जीवनावर. श्रद्धेच्या क्षेत्रात राजाचा अधिकार चालत नाही, म्हणून प्रजेने ग्रंथ स्वतःहून सरकारजमा करू नयेत. सक्तीने नेल्यास मात्र प्रतिकार न करता ते सोसावे, असे त्यांचे मत होते.

या मांडणीत राज्यसत्तेला मर्यादा होती. परंतु १५५५ च्या ऑग्सबर्ग तहाने राजाचा धर्म तोच प्रदेशाचा धर्म हे तत्त्व मान्य केले आणि १९१८ पर्यंत बहुतेक प्रॉटेस्टंट प्रदेशांत राजा हाच तेथील चर्चचा सर्वोच्च अधिकारी राहिला. परिणामी मर्यादेची जाणीव क्षीण होऊन आज्ञाधारकतेची सवय तेवढी दृढ झाली. राज्याचे क्षेत्र राज्यकर्त्यांचे व श्रद्धेचे क्षेत्र अंतःकरणाचे, अशी विभागणी रूढ झाल्याने राज्याच्या कृतीबद्दल चर्चने काही बोलावयाचे कारणच उरले नाही.

१९३३ मधील पेच :
३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. त्याच वर्षी जुलै महिन्यात झालेल्या चर्चच्या निवडणुकीत ‘जर्मन ख्रिस्ती’ या नाझीधार्जिण्या गटाने बहुमत मिळविले. सप्टेंबरमध्ये प्रशियाच्या धर्मपरिषदेने ज्यूवंशीय व्यक्तींना चर्चच्या सेवेतून वगळणारा नियम स्वीकारला आणि लुडविग म्युलर यांची राष्ट्रीय बिशपपदी निवड झाली. येथे शासनाच्या आज्ञेचे पालन हा केवळ नागरी कर्तव्याचा प्रश्न राहिला नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्तीचे चर्चमधील स्थान तिच्या वंशावरून ठरावे काय, असा श्रद्धेच्या गाभ्याला भिडणारा प्रश्न उपस्थित झाला.

बार्मेन घोषणापत्र :
या परिस्थितीत २९ ते ३१ मे १९३४ या काळात बार्मेन येथे ल्यूथरन, रिफॉर्म्ड व संयुक्त चर्चच्या प्रतिनिधींची परिषद भरली. तिने स्वीकारलेल्या सहा कलमी घोषणापत्राचा मसुदा मुख्यतः कार्ल बार्थ यांचा होता.

पाचवे कलम शासनविषयक आहे. न्याय व शांतता राखणे हे देवाने राज्याला नेमून दिलेले कार्य असून त्यासाठी बलप्रयोगाचा अधिकार त्यास आहे, असे ते मान्य करते. देवाचे राज्य व त्याची नीती यांचे स्मरण राज्यकर्ते आणि प्रजा या दोघांनाही करून देणे, हे चर्चचे कार्य ठरते. त्यानंतर दोन गोष्टी नाकारल्या आहेत : राज्याने मानवी जीवनाची एकमेव व सर्वंकष व्यवस्था होणे आणि चर्चने राज्याचे अंग बनणे. या कलमाच्या आरंभी पेत्राच्या पहिल्या पत्रातील जे वचन घेतले आहे, त्यात भय देवाचे व सन्मान राजाचा असा भेद आहे. शिवाय सन्मानाचे तेच क्रियापद त्या वचनात सर्व माणसांसाठीही योजलेले आहे. राजा आदरणीय आहे, परंतु आराध्य नाही, हा याचा अर्थ होय.

ही भूमिका सर्वमान्य झाली नाही. जून १९३४ मध्येच व्हेर्नर एलर्ट व पाउल आल्टहाउस या ल्यूथरन अभ्यासकांचा सहभाग असलेल्या आन्सबाख निवेदनाने बार्मेनला विरोध करून हिटलरबद्दल देवाचे आभार मानले. बार्थ यांना हिटलरच्या निष्ठेची बिनशर्त शपथ घेण्यास नकार दिल्यानंतर १९३५ मध्ये बॉन येथील प्राध्यापकपद सोडावे लागले.

मर्यादा :
घोषणापत्रात ज्यूंच्या छळाचा उल्लेख नाही, ही त्याची सर्वांत गंभीर उणीव होय. चर्चच्या स्वातंत्र्याचे रक्षण झाले, तरी शेजाऱ्याच्या प्राणांचा प्रश्न बाजूस राहिला. डीट्रिख बोनहोफर यांनी १९३३ मध्येच चर्चची त्रिविध जबाबदारी मांडली होती : राज्याला त्याच्या कृतीचा जाब विचारणे, पीडित ख्रिस्ती असो वा नसो त्यास साहाय्य करणे आणि वेळ पडल्यास अन्यायाचे चाकच रोखणे. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्ग छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आली. ज्यूंचा प्रश्न आपण निर्णायक मानला नाही, ही चूक बार्थ यांनी १९६७ मध्ये एका पत्रात मान्य केली.

पुढे दक्षिण आफ्रिकेत बेल्हार श्रद्धापत्राने (१९८२, स्वीकृती १९८६) बार्मेनचा वारसा चालविला. तेथे १९८५ च्या कैरोस दस्तऐवजाने वर्णभेदाच्या समर्थनार्थ रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाचा होणारा वापर ‘राज्याचे धर्मशास्त्र’ म्हणून नाकारला.

निष्कर्ष :
१) ख्रिस्ती श्रद्धा शासनसंस्थेला आवश्यक व आदरणीय मानते. मात्र तिचा अधिकार न्याय व लोकहित या प्रयोजनाने मर्यादित आहे.
२) श्रद्धा व शासन यांची क्षेत्रे भिन्न मानणे इष्ट असले, तरी या भिन्नतेतून अन्यायाबाबत मौनाची मुभा मिळत नाही.
३) चर्चने केवळ स्वतःच्या स्वातंत्र्यापुरता आवाज उठविणे अपुरे आहे. आपल्या समूहाबाहेरील पीडितांविषयीची भूमिका हीच त्याच्या श्रद्धेची कसोटी ठरते.

बार्मेनने पहिली दोन तत्त्वे स्पष्ट शब्दांत मांडली. तिसरे तत्त्व अनेकांना फार उशिरा उमगले आणि त्या विलंबाची किंमत इतरांना प्राणांनी मोजावी लागली. म्हणूनच या घोषणापत्राचा अभ्यास त्यातील शब्दांबरोबर त्यातील मौनासह होणे आवश्यक आहे.