आकडा कमी, म्हणजे ऑटिझम कमी?

अमेरिकेत सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने 2022 सालच्या नोंदींवरून 16 ठिकाणच्या आठ वर्षांच्या मुलांची पाहणी केली. सरासरी 31 मुलांमागे एकाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असल्याचे दिसले. पण टेक्सासमधल्या लारेडोत हे प्रमाण हजारी 9.7, तर कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोत 53.1! पाचपटीहून जास्त तफावत.

हवापाण्याला दोष देण्याआधी मोजणी कशी झाली ते बघावे. ही मोजणी दवाखान्याच्या आणि शाळेच्या कागदपत्रांवर चालते. जे मूल तपासणीपर्यंत पोचलेच नाही, ते हिशेबातही नाही. सॅन दिएगो भागात शेकडो बालरोगतज्ज्ञांना लहान वयातच लक्षणे हेरायचे प्रशिक्षण दिलेले आहे. साहजिकच तिथे जास्त मुले सापडतात.

दक्षिण कोरियातल्या गोयांगचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. तिथे संशोधकांनी कागदपत्रांवर न थांबता साध्या शाळांतली मुलेही तपासली. 2011 साली प्रसिद्ध झालेले प्रमाण होते 2.64 टक्के. त्यातली सुमारे दोन तृतीयांश मुले नेहमीच्या वर्गांत बसत होती, निदानाविना, कसल्याही मदतीविना.

आपल्याकडे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोव्यासह पाच ठिकाणची 2 ते 9 वर्षांची मुले प्रत्यक्ष तपासली गेली. असा अभ्यास जिल्ह्याजिल्ह्यांत व्हायला हवा.