गुडघ्यामागची भूल

गुडघा बदलायचं ठरलं की घरात दोनच गोष्टींवर खल होतो: सांधा कोणत्या कंपनीचा आणि खर्च किती. मला मात्र कित्येक वर्षं तिसऱ्याच गोष्टीनं झपाटलं आहे. सांधा बसवता बसवता सर्जन गुडघ्याच्या आत वेदनाशामक औषधांचं एक मिश्रण टोचतात. थिएटरमध्ये सगळे त्याला ‘कॉकटेल’ म्हणतात. पेशंटला बहुधा त्याचा पत्ताही नसतो, पण त्याच संध्याकाळी तो वॉकर धरून उभा राहतो, त्यात या मिश्रणाचा मोठा वाटा असतो.

आधीचा इतिहास भराभर सांगतो. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेनची भूल वापरली, १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लिग्नोकेन हे भुलीचं औषध तयार झालं, पुढे बुपिव्हाकेन आणि रोपिव्हाकेन आली. १९९१ मध्ये म्युनिकच्या क्रिस्टोफ स्टाइन यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर थेट गुडघ्यात जेमतेम एक मिलिग्रॅम मॉर्फिन सोडून आराम पडल्याचं दाखवलं. तेव्हा मोठी खळबळ उडाली, पण नंतरच्या पडताळणीत तो परिणाम फारसा टिकला नाही.

खरी कलाटणी दिली ती सिडनीच्या डेनिस केर आणि लॉरेन्स कोहान यांनी. तोवर मांडीच्या नसेला भूल देण्याची पद्धत होती. तिनं दुखणं थांबायचं, पण मांडीचा पुढचा स्नायूही ढिला पडायचा आणि उभं राहताना पेशंट कोसळण्याची भीती असायची. या दोघांनी नसेला हात न लावता जखमेच्या आसपासचा मांसल भागच बधिर केला. रोपिव्हाकेन, सूज उतरवणारं किटोरोलॅक आणि औषध तिथंच धरून ठेवणारं थोडं अ‍ॅड्रिनलिन, असं गुडघ्यासाठी दीडशे मिलिलिटरच्या आसपास द्रावण. २००८ मध्ये त्यांनी गुडघ्याच्या आणि खुब्याच्या ३२५ पेशंटांचा अनुभव प्रसिद्ध केला. दोनतृतीयांश पेशंटांना मॉर्फिन लागलंच नाही, ७१ टक्के एका रात्रीनंतर घरी गेले.

हे प्रत्यक्ष पाहायला मी एका सर्जन मित्राच्या परवानगीनं पुण्यातल्या थिएटरमध्ये गेलो होतो. मांडीचं आणि नडगीचं हाड कापून झालं, पण धातूचा सांधा अजून बसायचा होता. गुडघ्याची मागची भिंत, म्हणजे सांध्याच्या पिशवीचा पाठचा पडदा, एवढ्याच वेळात हाताला लागते. सांधा एकदा बसला की ती जागा झाकली जाते. मित्रानं लांब सुई घेतली, प्रत्येक ठिकाणी आधी दट्ट्या मागं ओढून रक्त येत नाही ना पाहिलं, कारण त्या पडद्याच्या लगेच मागून पायाची मोठी धमनी जाते. मग थोडं थोडं औषध सोडत तो पुढं सरकला. बाहेरच्या बाजूला आल्यावर मात्र हात आवरला. तिथली नस बधिर झाली तर काही तास पाऊल उचलता येत नाही. सांधा बसल्यावर बाजूच्या अस्थिबंधांत आणि शेवटी कातडीखालच्या चरबीत तेच द्रावण गेलं. अ‍ॅड्रिनलिननं ती पिवळी चरबी बघता बघता फिकट पडली.

संध्याकाळी वॉर्डात फिजिओ त्याच पेशंटला म्हणाली, “आजी, गुडघा गादीवर दाबून धरा बघू.” आजींनी दाबला. मांडीचा स्नायू जागा होता! माझ्या मते या पद्धतीचं सगळं मोल इथंच आहे. दुखणं थांबवणारी औषधं पुष्कळ आहेत, पण चालायची ताकद शाबूत ठेवून दुखणं थांबवणं वेगळं.

सिडनीच्या अनुभवाला तुलनेचा गट नव्हता, हा आक्षेप रास्तच होता. तो डेन्मार्कच्या हेन्रिक केहलेट यांच्या चमूनं ज्या रीतीनं निकालात काढला, ती मला आजही थक्क करते. त्यांनी दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलून घेणारे १२ पेशंट निवडले. एका गुडघ्यात भूल, दुसऱ्यात नुसतं सलाइन. कुठल्या गुडघ्यात काय, हे ना पेशंटला ठाऊक, ना दुखणं मोजणाऱ्याला. माणूस तोच, रात्र तीच, सहनशक्तीही तीच. भूल दिलेला गुडघा कमी दुखला. संख्या लहान, तरी इतकी नेमकी तुलना क्वचितच सापडते. याच चमूच्या दुसऱ्या अभ्यासात घट्ट बँडेजनं भुलीचा परिणाम लांबतो असंही दिसलं. खुब्याच्या शस्त्रक्रियेत मात्र या इंजेक्शनांचा गुडघ्याइतका फायदा दिसला नाही.

सांध्यात नळी ठेवून पंपानं दिवसेंदिवस औषध सोडत राहण्याबद्दल माझं मत प्रतिकूल आहे. २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं अशा पंपांनंतर कूर्चा नष्ट झाल्याच्या ३५ तक्रारींची नोंद घेऊन इशारा दिला. बहुतेक खांद्याच्या होत्या, तरी स्वतःची कूर्चा शाबूत असलेल्या गुडघ्यात हा धोका कशाला? बदललेल्या गुडघ्यात ती कूर्चा काढून टाकलेली असते, आणि एकदाच टोचलेल्या औषधाचा हिशेब वेगळा. शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी मूत्रपिंडाचा त्रास, जठरातला अल्सर किंवा अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर ते भूलतज्ज्ञाला आधीच सांगावं, म्हणजे मिश्रणातून किटोरोलॅक वगळता येतं.