एमिशी चालतात, आयनू नकोत

जपानचा पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट १९४५ च्या एप्रिलमध्ये आला, तोही नौदलाच्या फर्माईशीवरून. मित्सुयो सेओंच्या या 'मोमोतारो'त दक्षिणेकडच्या बेटावरची जनावरं गाण्यातून जपानी मुळाक्षरं गिरवतात आणि शेवटी शिंगवाले इंग्रज शरण येतात. उघडाच प्रचारपट, जितांची पायरी कुठली, हे त्यानं लपवलं तरी नाही.

लपवाछपवी पुढे आली. १९६८ मध्ये इसाओ ताकाहातांनी तोएई कंपनीत 'होरुस' हा आपला पहिला चित्रपट केला. हायाओ मियाझाकीही त्यात होते. दोघंही कंपनीतल्या युनियनचे बिनीचे कार्यकर्ते. कथेचं मूळ एका बाहुलीनाट्यात आणि त्याचं मूळ आयनूंच्या, म्हणजे होक्काइदोच्या मूळ रहिवाशांच्या, मौखिक महाकाव्यात. आयनूंचा विषय अंगाशी येईल म्हणून कथानक थेट स्कँडिनेव्हियात हलवलं. गावाची एकजूट राहिली, मनानं दुभंगलेली हिल्दा राहिली. ज्यांची गोष्ट होती, ते तेवढे गेले.

ऐंशीच्या दशकात बायकांच्या हाती शस्त्रं आली. मियाझाकींच्या १९८४ च्या चित्रपटातली नाउसिका लढवय्यी, वैमानिक आणि वनस्पतींची अभ्यासक. तिच्यासमोरची सेनानी कुशाना हीही बाईच. पण म्हणून सगळं सुधारलं असं नाही. १९८८ च्या 'अकिरा'तली काओरी मार खायला आणि मरायलाच आहे. १९९३ च्या 'निंजा स्क्रोल'मध्ये कागेरोवरचा अत्याचार ज्या चवीनं दाखवलाय, तो बघवत नाही.

१९९७ चा 'मोनोनोके हिमे' मात्र थांबून बघावा. जुन्या ताताऱ्यात, म्हणजे लोखंड गाळायच्या भट्टीवर, बायकांना मज्जाव असे. भट्टीच्या देवीला बायका खपत नाहीत, अशी समजूत. मियाझाकींनी भात्यावर नेमक्या बायकाच उभ्या केल्या. कुंटणखान्यांतून सोडवून आणलेल्या, तोंडाळ, नवऱ्यांना न जुमानणाऱ्या. चित्रपटाचा नायक अशिताका जोशात भाता दाबू लागतो, तर त्या त्याची मस्त फिरकी घेतात. मागच्या अंगाला पट्ट्यांत गुंडाळलेले रोगी बंदुका घडवत असतात. रोगाचं नाव कुणी घेत नाही. पण मियाझाकी टोकियोतल्या तामा झेनशोएन या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत जाऊन आले होते, आणि रुग्णांना सक्तीनं वेगळं ठेवणारा कायदा आदल्याच वर्षी रद्द झाला होता. अंथरुणाला खिळलेला एक म्हातारा ही भट्टी चालवणाऱ्या एबोशीच्या जिवासाठी गयावया करतो, कारण त्यांच्या जखमा धुणारी ती एकटीच. हीच एबोशी जंगल तोडते, देवावर गोळी झाडते आणि या सगळ्यांकडून राबवूनही घेते. पोशिंदी आणि मालकीण एकाच अंगात. मला तिच्याइतकं खरं पात्र या सगळ्या काळात दुसरं दिसत नाही.

अशिताकाबद्दल मात्र माझी कुरकुर आहे. तो एमिशी, यामातो सत्तेनं शेकडो वर्षांपूर्वी उत्तरेकडे रेटलेल्या लोकांतला. त्याचं गाव सुरुवातीलाच मागे पडतं आणि चित्रपट तिकडे पुन्हा फिरकत नाही. एमिशी घेणं सोपं, कारण ते आज दारात येऊन हिशेब मागत नाहीत, आयनू मागतात. १८९९ चा आयनूंना 'माजी आदिवासी' ठरवणारा कायदा रद्द झाला तो याच १९९७ मध्ये. बदली आलेला कायदा त्यांच्या संस्कृतीपुरताच होता. ते मूळ रहिवासी आहेत, असा ठराव करायला संसदेला २००८ साल उजाडलं.